तांत्रिक कारणास्तव

"काही तांत्रिक कारणास्तव प्रयोग रद्द करण्यात आला आहे. रसिकांच्या गैरसोयीबद्दल क्षमस्व." हा मजकूर मी फेब्रुवारी २०२२ मध्ये एका दुपारी पाच जणांना पाठवला. जळगाव, अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर. तांत्रिक असं काहीच झालं नव्हतं. दिवे चालू होते, नेपथ्य टेम्पोत मावत होतं, नटांपैकी कुणी आजारी नव्हतं. वहीतली बेरीज जुळत नव्हती.

आमची प्रायोगिक नाटकाची छोटी संस्था आहे, पुण्यात. अकरा माणसं. टाळेबंदीनंतर पहिलाच दौरा ठरला होता आणि सगळे आसुसलेले होते. मी रात्री वही घेऊन बसले. टेम्पो, रेल्वेची तिकिटं, सहा रात्रींच्या खोल्या, नाट्यगृहांची भाडी, जेवण, चहा, प्रत्येकाला प्रयोगामागे पाचशे रुपये मानधन. एकूण २,१९,००० रुपये. पाचही प्रयोगांना दोनशे माणसं आली आणि प्रत्येकाने दीडशेचं तिकीट काढलं, तर हातात येणार १,५०,०००. म्हणजे सगळीकडे हाउसफुल्लचा फलक लागला तरी ६९,००० रुपये खिशातून. तीन वेळा बेरीज केली. मग मानधनाची ओळ खोडून पाहिली, तरी तूट उरली. आणि ती ओळ खोडायचा मला अधिकार नव्हता.

दौरा रद्द केला याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त बोचलं ते खरं कारण न सांगणं. परवडत नाही म्हणायची लाज वाटली. असं म्हटलं तर आपलं काम कमी दर्जाचं ठरेल, अशी भीती होती.

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, आमचा ध्वनी सांभाळणारा मुलगा तालमीला आला आणि चहाच्या वेळी त्याने फोन पुढे केला. "ताई, हे वाचा. हिनेपण दौरा रद्द केलाय." लंडनच्या एका रॅपरचं चाहत्यांना उद्देशून लिहिलेलं छोटं निवेदन होतं. लिटल सिम्झ. मे महिन्यातला अमेरिकेचा दौरा तिने रद्द केला होता आणि कारण सरळ लिहिलं होतं: मी स्वतंत्र कलाकार आहे, प्रत्यक्ष कार्यक्रमांचा सगळा खर्च माझ्या खिशातून होतो, महिनाभर अमेरिकेत फिरले तर मी मोठ्या तोट्यात जाईन, आणि त्या ताणातून मला आत्ता जायचं नाही.

मी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी या बाईला ब्रिट अवॉर्ड, म्हणजे ब्रिटनमधला संगीताचा मोठा पुरस्कार, मिळालं होतं. लंडनच्या ओ-टू अरीनात, हजारो लोकांसमोर. आणि ती सांगत होती की बेरीज जुळत नाही.

सिम्झ माझ्या कानावर पडली होती ती याच मुलामुळे. प्रयोगाआधी स्पीकर तपासायला तो नेहमी एकच अल्बम लावायचा, तिचा २०१९ चा 'ग्रे एरिया'. सुरुवातीलाच जाडजूड बेस वाजतो, रिकाम्या प्रेक्षागृहाच्या खुर्च्या थरथरतात, आणि त्यावर एक बाई बोलायला लागते. मला आधी शब्द नीट कळले नाहीत. लंडनचा उच्चार, वर वेग. पण मी नाटकवाली आहे, माझा कान आवाजावर जातो. ही बाई ओरडत नव्हती. आवाज खालच्या पट्टीत, जवळजवळ सपाट, आणि तरीही शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक व्यंजन सुटं पोचत होतं. आम्ही नवीन मुलांना वर्षभर घोकून शिकवतो की 'आवाज टाकणं' म्हणजे मोठ्याने बोलणं नव्हे. ते या बाईत आयतं सापडलं. पुढे घरी इयरफोन लावून, शब्द समोर ठेवून, एकेक गाणं ऐकलं.

तिचं पूर्ण नाव सिम्बिआतू अबिसोला अबिओला अजिकावो. घरचं नाव सिम्बी. जन्म २३ फेब्रुवारी १९९४, उत्तर लंडनमधल्या इझलिंग्टनचा. आईवडील नायजेरियाचे, तिथल्या योरुबा समाजातले. वडील तिच्या लहानपणीच घरापासून दूर गेले. आई दुसऱ्यांची, घर तुटलेली मुलं आपल्या घरी ठेवून सांभाळायची, तिकडे याला फोस्टरिंग म्हणतात. म्हणजे सिम्बी ज्या घरात वाढली तिथे अनोळखी मुलं येत, राहत आणि निघून जात. तिच्या गाण्यांत माणसांकडे बघण्याची जी एक शांत, निवाडा न करणारी नजर आहे, ती मला त्या घरातून आलेली वाटते. हा माझा तर्क आहे, तिने असं कुठे म्हटलेलं मी वाचलेलं नाही.

इझलिंग्टनच्या अप्पर स्ट्रीटवर सेंट मेरीज नावाचा युथ क्लब होता. लहानपणी ती तिथे नाच, नाटक, संगीत शिकली. लिओना लुईस आणि अलेक्झांड्रा बर्क या गायिकाही त्याच क्लबातून आल्या. शाळा सुटल्यावर जायला एक खोली, एक माईक, लक्ष ठेवणारं एखादं मोठं माणूस. खर्चाच्या दृष्टीने बघितलं तर किती थोडं. २०१० नंतर ब्रिटनमध्ये सरकारी कपात सुरू झाली आणि असे कितीतरी क्लब बंद पडले. ते वाचताना मला आमच्या पेठेतली ती शाळेची खोली आठवली, जिथे मी आठवीत पहिल्यांदा बालनाट्याच्या तालमीला उभी राहिले. दर शनिवारी, फुकट. ती खोलीही आता नाही.

पहिली मिक्सटेप, म्हणजे गाण्यांचा अनौपचारिक संच, २०१० मध्ये. वय सोळा. त्याच सुमारास मुलांच्या टीव्ही मालिकेत अभिनयही चालू होता. पुढे नेटफ्लिक्सच्या 'टॉप बॉय'मध्ये तिने शेली नावाच्या तरुण आईची भूमिका केली आणि ज्यांनी तिचं एक गाणंही ऐकलं नव्हतं असे लोक तिला ओळखू लागले. २०१४ मध्ये तिने एकामागून एक छोटे संच काढले. 'एज १०१' या मालिकेतले. 'एज १०१' हेच तिच्या स्वतःच्या कंपनीचंही नाव. २०१५ मध्ये पहिला पूर्ण अल्बम आला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि तो तिने स्वतःच्याच कंपनीतून काढला. त्याच वर्षी केंड्रिक लमार या नामवंत अमेरिकन रॅपरने तिचं जाहीर कौतुक केलं. त्यानंतर कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दारात उभं राहिलं असतं तर दार उघडलं असतं. तिने ती वाट धरली नाही.

इथे थोडं थांबून या व्यवहाराबद्दल लिहायला हवं, कारण 'स्वतंत्र' हा शब्द फार गोड वाटतो आणि त्याच्या आत काय आहे हे कुणी सांगत नाही. मोठी संगीत कंपनी नव्या कलाकाराला करार करताना आगाऊ रक्कम देते. ती बक्षीस नसते. ध्वनिमुद्रणाचा आणि व्हिडिओचा खर्च, दौऱ्याला दिलेला आधार, असं पुष्कळ काही कलाकाराच्याच वाट्यातून वळतं केलं जातं. ते फिटेपर्यंत हातात काही येत नाही, आणि फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुतेकदा कंपनीकडेच राहते. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: उचल. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांना तो पाठ आहे. त्या कष्टांशी तुलना ताणणार नाही, पण हिशेबाची तऱ्हा तीच आहे. आधी पैसे घ्यायचे आणि मग कामातून ते फेडत राहायचं.

सिम्झने उचल घेतली नाही, म्हणून तिची गाणी तिची राहिली. पण जे उचलीतून झालं असतं ते सगळं तिला स्वतः उभं करावं लागलं. ती अगदी एकटी होती असंही नाही. गाणी जगभर पोचवण्यासाठी तिने वितरण करणाऱ्या कंपनीची मदत घेतली. असे लोक वाटा घेतात, मालकी मागत नाहीत. बाकी स्टुडिओ, वादक, छायाचित्रं, प्रवास या सगळ्याला तिची सही आणि तिचं खातं. २०२० च्या टाळेबंदीत तर तिने घरात एकटीने पाच गाण्यांचा संच करून मे महिन्यात काढलाही. जेमतेम बारा मिनिटांचा. त्यात भिंतींकडे बघत बसलेल्या माणसाचा त्रागा आहे. ते दिवस मीही घरातच काढले होते, तालमीविना, त्यामुळे तो बारा मिनिटांचा तुकडा मला तिच्या मोठ्या कामांहून जवळचा आहे.

'ग्रे एरिया' फक्त दहा गाण्यांचा. एकही जागा सैल नाही. त्यातल्या एका गाण्यात ती म्हणते की मी इथे सर्वोत्तम आहे हे हे लोक कबूल करणार नाहीत, कारण एवढंच की मी बाई आहे. तिने ते याहून कितीतरी रोखठोक, शरीरशास्त्राच्या शब्दांत म्हटलं आहे. ते ऐकताना मला हसू आलं नाही, घसा दाटला. संस्था मी चालवते, पण बाहेरगावचा आयोजक अजूनही पहिला फोन आमच्या सर्वांत ज्येष्ठ नटाला करतो.

तो अल्बम मर्क्युरी पारितोषिकाच्या, म्हणजे ब्रिटनमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या पारितोषिकाच्या, अंतिम यादीत गेला, पारितोषिक मिळालं नाही. मग सप्टेंबर २०२१ मध्ये आला 'समटाइम्स आय माइट बी इन्ट्रोव्हर्ट'. या पाच शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'सिम्बी' होतं. मी कधीकधी अंतर्मुख असेन बहुधा. रॅपरने असं नाव ठेवावं याचं अनेकांना नवल वाटलं, कारण रॅप म्हणजे छाती काढून उभं राहणं असा समज आहे. मला नवल वाटलं नाही. रंगमंचावर सर्वांत निर्धास्त दिसणारी माझी मैत्रीण प्रयोग संपला की मेकअपच्या खोलीत दार लावून बसते. तिला अभिनंदनाला आलेली माणसं नको असतात.

हा अल्बम अवाढव्य आहे. एकोणीस तुकडे, तासाभराहून अधिक, पूर्ण वाद्यवृंद. मधेमधे अभिनेत्री एमा कॉरिनच्या आवाजात परीकथेसारखं निवेदन आहे. माझ्यातल्या दिग्दर्शिकेला ते निवेदन जरा लांबल्यासारखं वाटतं, दोनतीन जागी कात्री लावावीशी वाटते. पण त्यात वडिलांवरचं एक गाणं आहे, त्याला हात लावायची माझी हिंमत होणार नाही. प्रेम आणि तिरस्कार एकाच श्वासात. त्या गाण्यात ती बापाला माफ करून मोकळी होत नाही, आणि त्याला शिव्या देऊनही मोकळी होत नाही. तिथेच उभी राहते.

आणि एक गाणं तिच्या चुलतभावाचं. त्याला कुणीतरी भोसकलं होतं, तो दोन आठवडे कोमात होता. सिम्झ ते गाणं त्याच्याच तोंडून सांगते. लंडनच्या रस्त्यांवर सुरे चालतात याच्या बातम्या आपणही वाचतो. त्यांत मारणारा आणि मरणारा असे दोन रकाने असतात. या गाण्यात भोसकला गेलेला मुलगा ज्याने भोसकलं त्याच्याबद्दल विचार करतो. तो पोरगाही माझ्यासारखाच मोडलेला असणार, त्याच्या घरीही कुणी नसणार. मागे लहान मुलांचे आवाज गातात. चार मिनिटांत एवढं पेलणारं स्वगत मला अजून कुणी लिहून दिलेलं नाही.

या अल्बमनंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिट अवॉर्ड मिळालं, ते 'नवोदित कलाकार' म्हणून. चौथा अल्बम, पहिल्या मिक्सटेपला बारा वर्षं झालेली, आणि नवोदित! त्यावर तिने कडवट होऊन बोललेलं मला आढळलं नाही. ती आईला हाताला धरून मंचावर घेऊन गेली. त्या ध्वनिचित्रफितीत आई लेकीच्या शेजारी उभी आहे. ज्यांनी आयुष्यभर पडद्यामागे माणसं उभी केली त्यांना प्रकाशात उभं राहिल्यावर हातांचं काय करावं ते कळत नाही.

म्हणजे बघा, फेब्रुवारीत हे, आणि एप्रिलमध्ये ते निवेदन. दोन्ही एकाच वर्षात, दोन महिन्यांच्या अंतराने. बाहेरून बघणाऱ्याला यात विसंगती दिसते. ज्याने कधी दौरा आखला आहे त्याला दिसणार नाही. ब्रिटिश कलाकाराला अमेरिकेत गायचं तर आधी कामाचा व्हिसा, स्वतःचा आणि प्रत्येक वादकाचा, त्यासाठी वकील. मग विमानं, बस, हॉटेलं, तंत्रज्ञ, वाद्यांचं भाडं. परदेशी कलाकाराच्या मिळकतीवर तिथे ३० टक्के कर आधीच कापून घेण्याची तरतूद आहे, आणि तो नफ्यावर नव्हे, एकूण रकमेवर. कित्येक ठिकाणी टीशर्ट विकले तर त्यातही नाट्यगृहवाल्याचा वाटा. मोठ्या कंपनीचा कलाकार हा तोटा कंपनीच्या पैशांनी भरतो, म्हणजे पुढच्या उचलीत घालतो. जिने उचलच घेतलेली नाही तिच्यापुढे दोन वाटा: घर गहाण टाकल्यासारखं जायचं, नाहीतर थांबायचं. ती थांबली, पण तिकिटं खपत नव्हती म्हणून नव्हे. जेवढी खपली असती त्यात भागत नव्हतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिला मर्क्युरी मिळालं. समारंभ खरा सप्टेंबरच्या आठ तारखेला होता, पण त्याच दिवशी राणी एलिझाबेथ गेल्या आणि तो पुढे ढकलावा लागला. १८ ऑक्टोबरला हॅमरस्मिथच्या अपोलोमध्ये तिचं नाव पुकारलं. पारितोषिक २५ हजार पौंडांचं. बक्षिसाचा आकडा ऐकून मी आधी काय केलं असेल, तर मनातल्या मनात त्यात किती प्रयोग होतील ते मोजलं. मंचावर तिने बालपणापासून ओळखणाऱ्या निर्मात्याचे, इन्फ्लोचे, आभार मानले. अल्बम करताना आपल्याच्याने हे पुरं होणार नाही असं वाटत होतं तेव्हा तो पाठीशी राहिला, असं ती म्हणाली.

डिसेंबरमध्ये, जेमतेम आठवडाभर आधी सांगून, तिने पाचवा अल्बम काढला. नाव 'नो थँक यू'. मराठीत आपण नकार देताना धन्यवाद म्हणत नाही. 'नको' एवढंच म्हणतो, फार झालं तर 'नको हो'. तिच्या त्या तीन शब्दांत मात्र मला त्या एप्रिलचं निवेदन परत ऐकू आलं. पहिल्याच गाण्यात संगीतधंद्यातले करार आहेत, त्यांनी माणसाच्या डोक्याचं काय होतं ते आहे. आवाज अजूनही खालीच.

पुढचा भाग लिहायला जड जातो. मार्च २०२५ मध्ये बातमी आली की तिने त्याच बालमित्र निर्मात्यावर दावा दाखल केला आहे. उसने दिलेले सुमारे १७ लाख पौंड परत मिळाले नाहीत आणि त्यामुळे कर भरायलाही पैसे उरले नाहीत, असा तिचा आरोप. खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे, मी त्यात शिरणार नाही. पण मर्क्युरीच्या मंचावरचं ते भाषण मी परत लावून पाहिलं आणि मध्येच बंद केलं. स्वतःच्या पैशांनी काम करणाऱ्यांत व्यवहार आणि मैत्री एकाच खिशात असतात. आमच्यातही असतात. कुणी कुणाला किती दिले हे आम्ही लिहून ठेवत नाही, लिहिलं तर अपमान वाटेल म्हणून.

ती थांबली नाही. जून २०२५ मध्ये 'लोटस' आला, नव्या निर्मात्यासोबत. आणि त्याच महिन्यात लंडनच्या साउथबँक सेंटरमधल्या मेल्टडाउन महोत्सवाची सूत्रं तिच्याकडे होती. कोण कोण गाणार हे ठरवायचा मान. 'लोटस' मी अजून पुरता पचवलेला नाही. पहिल्या गाण्यातला राग इतका उघडा आहे की मला ती बाई अनोळखी वाटते, आणि मग पुढे कुठेतरी ती खालच्या पट्टीत येते आणि पुन्हा ओळखीची होते.

एप्रिल २०२२ च्या त्या संध्याकाळी तालीम संपल्यावर मी अमरावतीच्या आयोजकांना फोन केला. साठीचे गृहस्थ, निवृत्त शिक्षक, स्वतः पदरमोड करून दरवर्षी चारदोन नाटकं आणतात. मी म्हटलं, "सर, फेब्रुवारीत तांत्रिक कारण नव्हतं. पैसे नव्हते."

ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "अहो ताई, मग तेव्हाच सांगायचं ना! खोल्या कशाला घेता, आमच्याकडे राहिला असता. वर्ध्यालाही आपली माणसं आहेत."

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही गेलो. सात जण, नेपथ्यातल्या दोन भिंती आणि एक बाक पुण्यातच ठेवून. तीनच प्रयोग. रात्री गाद्या अंथरून लोकांच्या हॉलमध्ये झोपलो, नागपुरात सकाळी तर्री-पोहे खाल्ले. मानधनाची ओळ वहीत तशीच राहिली. परत आलो तेव्हा ११,४०० रुपयांचा तोटा होता, आणि तो मी सगळ्यांना वाचून दाखवला.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा एक प्रयोग रद्द करावा लागला. मजकूर लिहायला बसले, बोटांनी सवयीने 'काही तां' एवढं टंकलं. ते पुसलं. लिहिलं: "या प्रयोगाचा खर्च निघत नसल्यामुळे तो रद्द करत आहोत. तिकिटाचे पैसे उद्यापर्यंत परत मिळतील." पाठवायच्या आधी ध्वनीवाल्या मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "असंच राहू द्या, ताई."